अंतराळातले सेंद्रिय रेणू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंतराळातल्या रसायनांचा विषय निघाला की प्रश्न बहुधा तेच येतात, फक्त क्रम बदलतो. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरे लांबली आहेत, कारण खरी गंमत तिथेच आहे.

‘सेंद्रिय’ म्हटले की सजीव आलेच ना? मग ताऱ्यांमधल्या पोकळीत सेंद्रिय रेणू कुठून आले?

या शब्दाने बराच घोळ घातला आहे. रोजच्या बोलण्यात ‘सेंद्रिय’ म्हणजे नैसर्गिक, खतांशिवायचे, शुद्ध असे काहीसे. रसायनशास्त्रात मात्र अर्थ अगदी कोरडा आहे: कार्बनचा सांगाडा असलेला, बहुधा हायड्रोजनशी जोडलेला रेणू. पेट्रोल सेंद्रिय आहे, प्लास्टिकही सेंद्रिय आहे.

एके काळी खुद्द रसायनतज्ज्ञांचीही समजूत होती की असे पदार्थ फक्त सजीवांच्या शरीरातच बनतात. १८२८ साली फ्रीडरिश व्होलर यांनी असेंद्रिय क्षारांपासून प्रयोगशाळेत युरिया हा मूत्रातला पदार्थ तयार केला आणि त्या समजुतीला पहिला मोठा तडा गेला. तोच युरिया २०१९ मध्ये आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या सॅजिटेरियस बी२ या प्रचंड ढगात सापडला. इथून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षे दूर, आणि तिथे मूत्रपिंड असण्याचा काही संबंध नाही. तेव्हा ‘अंतराळात सेंद्रिय रेणू सापडले’ या मथळ्याचा अर्थ ‘अंतराळात जीवसृष्टी सापडली’ असा लावू नये.

असे किती रेणू सापडले आहेत?

ताऱ्यांमधल्या वायूत आणि ताऱ्यांभोवतीच्या आवरणांत मिळून तीनशेहून अधिक प्रकारचे. पहिले दोन-अणूंचे रेणू १९३७ ते १९४१ या काळात दृश्य प्रकाशाच्या वर्णपटात दिसले होते. पण पुढची कितीतरी वर्षे खगोलशास्त्रज्ञांना वाटत होते की याहून मोठे काही तिथे तग धरणार नाही, ताऱ्यांचे अतिनील किरण ते फोडून टाकतील. १९६८ मध्ये अमोनिया सापडला, १९६९ मध्ये पाणी आणि फॉर्माल्डिहाइड. त्यातला फॉर्माल्डिहाइड हा अंतराळात सापडलेला पहिला बहुअणू सेंद्रिय रेणू. अमेरिकेतल्या ग्रीन बँक इथल्या रेडिओ दुर्बिणीने तो सहा सेंटिमीटर तरंगलांबीवर टिपला. त्यानंतर यादी वाढतच गेली.

या रेणूंसाठी लागणारा कार्बन मुळात येतो कुठून?

ताऱ्यांच्या पोटातून. हेलियमची तीन अणुकेंद्रे एकत्र येऊन कार्बनचे एक अणुकेंद्र बनते, आणि तारा म्हातारा झाला की त्यातला काही कार्बन वाऱ्यावर उधळला जातो. सूर्यासारख्या द्रव्यात हायड्रोजनच्या दर दहा लाख अणूंमागे कार्बनचे सुमारे २७० अणू असतात. प्रमाण नगण्य वाटेल, पण हेलियम आणि निऑन कोणाशी बंध जोडत नाहीत. त्यांना वगळले तर हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या पाठोपाठ कार्बनचाच नंबर लागतो.

तिथे तर पोकळी आहे. अणू एकमेकांना भेटतात तरी कसे?

क्वचित भेटतात, आणि त्यांच्या हाताशी वेळ भरपूर असतो.

आपल्या भोवतीच्या हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्ये २५ वर १८ शून्ये इतके रेणू असतात. अंतराळातल्या ज्या ढगांना आपण ‘दाट’ म्हणतो, त्यांच्या एका घन सेंटिमीटरमध्ये साधारण दहा हजार. प्रयोगशाळेतली चांगली निर्वात पोकळीसुद्धा सहसा याहून दाट असते. पण असा ढग लाखो वर्षे टिकतो. दोन टकरींमध्ये दिवस गेले काय किंवा महिने गेले काय, हिशेब लाखो वर्षांचा असेल तर फरक पडत नाही.

वेळेपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. दोन अणू जोडले जातात तेव्हा ऊर्जा बाहेर पडते. ती कुठे तरी गेली नाही तर जोडी तत्क्षणी फुटते. पृथ्वीवर शेजारचा तिसरा रेणू धक्का खाऊन ती ऊर्जा घेऊन जातो. अंतराळात तिसरा कोणी जवळपास नसतो. ही अडचण दोन मार्गांनी सुटते: एक विद्युतभारित कणांचा, दुसरा धुळीचा.

उणे २६३ अंशांवर रासायनिक क्रिया होते? विस्तव लावल्याशिवाय लाकूडही पेटत नाही.

रास्त शंका आहे. बहुतेक क्रियांना सुरुवातीला एक चढ ओलांडावा लागतो, आणि १० केल्विनला, म्हणजे उणे २६३ अंश सेल्सिअसला, तो ओलांडण्याचे बळ कोणातच नसते. पण एक कण विद्युतभारित आणि दुसरा तटस्थ असेल, तर बऱ्याच वेळा हा चढच नसतो. भारित कण समोरच्या रेणूतल्या इलेक्ट्रॉनांना किंचित सरकवतो, त्याला आपल्याकडे ओढतो आणि क्रिया होऊन जाते. गारठ्याचा तिला अडथळा नाही.

मग ढगाच्या अंधाऱ्या गाभ्यात भारित कण येतात कुठून? वैश्विक किरणांमुळे. प्रकाश जिथे पोहोचत नाही, तिथेही हे वेगवान प्रोटॉन घुसतात. एखादा प्रोटॉन हायड्रोजनच्या रेणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावतो. तो जखमी रेणू दुसऱ्या हायड्रोजन रेणूवर आदळला की तीन हायड्रोजन अणूंचा एक धनभारित त्रिकोण तयार होतो. हा त्रिकोण मोठा उदार आहे: भेटेल त्याला आपला एक प्रोटॉन देऊन मोकळा होतो. कार्बनच्या अणूला दिला की कार्बन-हायड्रोजनची साखळी सुरू झाली. १९७३ मध्ये एरिक हर्ब्स्ट आणि विल्यम क्लेम्परर यांनी या त्रिकोणाभोवती ढगांच्या रसायनाची सबंध मांडणी केली. प्रत्यक्ष आंतरतारकीय ढगात तो सापडायला मात्र १९९६ उजाडले. टॉम गेबल आणि ताकेशी ओका यांनी तो शोधला. तेवीस वर्षे सगळा डोलारा न दिसलेल्या कणावर उभा होता, आणि तो उभा राहिला, याचे मला अजून नवल वाटते.

याच घराण्यातला आणखी एक आयन (विद्युतभारित कण) म्हणजे एका कार्बनला तीन हायड्रोजन जोडलेला मिथिल धनायन. जेम्स वेब दुर्बिणीला तो २०२३ मध्ये मृग नक्षत्रातल्या तेजोमेघात, एका कोवळ्या ताऱ्याभोवतीच्या चकतीत मिळाला. याचे वैशिष्ट्य असे की आजूबाजूला मुबलक असलेल्या हायड्रोजनशी तो सहज क्रिया करत नाही. त्यामुळे तो वाया न जाता इतर रेणूंसाठी शिल्लक राहतो आणि मोठ्या सेंद्रिय रेणूंची वाट उघडतो.

थंडीचा एक उलटा फायदाही आहे. लीड्स विद्यापीठातल्या गटाने २०१३ मध्ये मिथेनॉल (एक साधे अल्कोहोल) आणि हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) यांची क्रिया मोजली. तापमान कमी केले की ती मंदावेल अशी अपेक्षा. प्रत्यक्षात ६३ केल्विनला ती २०० केल्विनपेक्षा सुमारे पन्नासपट वेगाने झाली. थंडीत दोन्ही रेणू एकमेकांना चिकटून जास्त वेळ रेंगाळतात, आणि तेवढ्या वेळात हायड्रोजनचा अणू चढावरून न जाता पुंजयामिकीच्या नियमांनुसार चढाच्या आरपार निघून जातो. याला टनेलिंग म्हणतात. डोंगर न चढता बोगद्यातून जावे तसे, फक्त इथे बोगदा कोणी खोदलेला नसतो.

धुळीचे एवढे कौतुक कशाला?

कारण तिच्याशिवाय हायड्रोजनचा साधा रेणूसुद्धा पुरेशा प्रमाणात बनत नाही. हायड्रोजनचे दोन अणू पोकळीत भेटले तर वर सांगितल्याप्रमाणे ऊर्जा टाकता न आल्याने पुन्हा सुटे होतात. तेच दोघे धूलिकणावर भेटले तर जास्तीची ऊर्जा कण शोषून घेतो. तो तिसरा शेजारी धूलिकणाच्या रूपात मिळाला.

हे धूलिकण म्हणजे सिलिकेट किंवा कार्बनचे दाणे, आकाराने मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे. थंड ढगात त्यांच्यावर आदळलेले जवळजवळ सगळे चिकटते: ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन. हायड्रोजनचा सुटा अणू तर एखाद्या कणावर सरासरी दिवसाकाठी एकदा येऊन पडतो. हा अणू इतका हलका की उणे २६३ अंशांतही पृष्ठभागावर भटकत राहतो आणि वाटेत भेटेल त्याला जोडला जातो. ऑक्सिजनला जोडला की पाणी, नायट्रोजनला जोडला की अमोनिया, कार्बनला जोडला की मिथेन. बघता बघता (म्हणजे लाखभर वर्षांत) दाण्यावर बर्फाचे कवच चढते.

यातली सर्वांत महत्त्वाची वाट कार्बन मोनॉक्साइडची. त्यावर एकामागून एक हायड्रोजन बसत गेले की आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग मिथेनॉल तयार होते. नुसत्या वायूत मिथेनॉल इतक्या प्रमाणात बनू शकत नाही. गणित केले तर निरीक्षणाच्या पासंगालाही पुरत नाही. जपानमध्ये होक्काइदो विद्यापीठात नाओकी वातानाबे आणि आकिरा कोउची यांनी २००२ च्या सुमारास १० केल्विनच्या बर्फावर हायड्रोजनचे अणू सोडून हे होताना दाखवले. जेम्स वेबने आता अशा बर्फात पाणी, कार्बन डायऑक्साइड, अमोनिया, मिथेन यांच्या जोडीला मिथेनॉल, आणि कोवळ्या ताऱ्यांभोवती इथेनॉलच्याही खुणा पाहिल्या आहेत.

मिथेनॉल तयार झाले की पुढचे सोपे. बर्फावर किरण पडले की रेणूंचे तुकडे होतात, तुकडे तिथेच अडकून राहतात आणि शेजारच्या तुकड्याला जोडले जातात. २००२ मध्येच दोन स्वतंत्र गटांनी पाणी, मिथेनॉल, अमोनिया आणि तत्सम साध्या पदार्थांचा बर्फ करून त्यावर अतिनील प्रकाश सोडला. उरलेल्या अवशेषावर नंतर प्रक्रिया केली तेव्हा त्यात अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात ते रेणू, मिळाली.

म्हणजे सगळे थंडीतच घडते?

नाही, एक गरम भट्टीही आहे. म्हाताऱ्या ताऱ्याच्या वातावरणात कार्बन जास्त की ऑक्सिजन जास्त, यावर बरेच अवलंबून असते. हे दोघे आधी एकमेकांशी बांधले जाऊन कार्बन मोनॉक्साइड होतात. तो बंध इतका पक्का की तारा सहजासहजी तो सोडवू शकत नाही. जे शिल्लक राहील त्याचे राज्य. कार्बन शिल्लक राहिला की ॲसिटिलीन (कार्बन-हायड्रोजनचा एक वायू), त्यातून कार्बन अणूंची गोल कडी आणि काजळी. सिंह राशीतला सीडब्ल्यू लिओनिस हा तारा या प्रकाराचा नमुना मानला जातो. धुळीच्या बुरख्यामुळे तो दृश्य प्रकाशात मंद दिसतो, पण अवरक्त आकाशात अत्यंत तेजस्वी आहे.

साठ कार्बन अणूंचा फुटबॉलसारखा रेणू १९८५ मध्ये सापडला, तोही अशाच ताऱ्यांच्या वातावरणाची नक्कल करताना. क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना त्यासाठी १९९६ चे नोबेल मिळाले. २०१० मध्ये स्पिट्झर दुर्बिणीने तो टीसी १ या मरणासन्न ताऱ्याच्या तेजोमेघात प्रत्यक्ष पाहिला.

इतक्या लांबून रेणू ओळखतात कसे?

रेणू गरगरत असतात. एका वेगावरून दुसऱ्या वेगावर उतरताना ते ठरावीक तरंगलांबीचा रेडिओ संदेश सोडतात, आणि प्रत्येक रेणूचे हे आकडे वेगळे असतात. प्रयोगशाळेत आधी आकडे मोजायचे, मग दुर्बिणीत तीच रांग शोधायची. एकच रेषा जुळली तर कोणी विश्वास ठेवत नाही. अनेक जुळाव्या लागतात, त्याही योग्य तीव्रतेच्या प्रमाणात.

यात एक पेच आहे. रेणूची एक बाजू किंचित धन आणि दुसरी ऋण असेल तरच तो असा संदेश सोडतो. बेंझीन किंवा पायरीनसारखे सममित रेणू रेडिओ दुर्बिणीसाठी मुके. संशोधकांनी तोडगा असा काढला की त्यांच्यावर सायनाइडचा एक तुरा बसलेला भाऊबंद शोधायचा. तुऱ्यामुळे सममिती मोडते आणि मुका बोलू लागतो. वृषभ राशीतल्या टीएमसी-१ या थंड ढगात २०१८ मध्ये असा बेंझोनायट्राइल सापडला, २०२१ मध्ये दोन कड्यांचे नॅप्थलीनचे भाऊबंद, २०२४ मध्ये चार कड्यांच्या पायरीनचे. जिथे तारा अजून जन्मलाही नाही अशा ठिकाणी इतके मोठे रेणू असतील असे फारसे कोणाच्या अपेक्षेत नव्हते.

अतिनील किरण रेणू फोडतात, हे तर शाळेत शिकवतात. मग हे टिकतात कसे?

हाच खरा प्रश्न. माझ्या मते घडण्यापेक्षा टिकण्याची गोष्टच जास्त रंजक आहे.

आधी धोका समजून घेऊ. उघड्या अंतराळात, कुठल्याही आडोशाशिवाय, पाण्याचा किंवा फॉर्माल्डिहाइडचा रेणू सरासरी काही दशके टिकतो. खगोलशास्त्राच्या मोजमापात हे काहीच नाही. म्हणजे १९६० च्या दशकातल्या शास्त्रज्ञांची शंका चुकीची नव्हती. त्यांच्या हिशेबात आडोसा नव्हता, एवढेच.

आडोसा पहिला, ढग. ढगातली धूळ ताऱ्यांचा प्रकाश अडवते. आकाशगंगेच्या पट्ट्यात जे काळे डाग दिसतात ते हेच. तिथे तारे नाहीत असे नव्हे, मध्ये पडदा आहे. शिवाय काठावरचा हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड स्वतःला फोडू शकणारे नेमके किरण गिळून टाकतात, त्यामुळे आतले भाऊबंद वाचतात. कडेच्यांनी मार खायचा आणि आतल्यांनी जगायचे असा हा व्यवहार.

तरीही आत पूर्ण अंधार नसतो. १९८३ मध्ये एस. एस. प्रसाद आणि एस. पी. तारफदार यांनी दाखवले की वैश्विक किरणांनी उडवलेले इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या रेणूंना उत्तेजित करतात, आणि ते रेणू ढगाच्या पोटातच मंद अतिनील प्रकाश सोडतात. बाहेरच्या तुलनेत हा प्रकाश सुमारे दहा हजारपट कमी. एवढ्याने बर्फातले काही रेणू फुटतात, पण त्या तुकड्यांतूनच पुढचे मोठे रेणू जुळतात. मारणारा आणि घडवणारा किरण एकच. मात्रा बदलली की काम बदलते.

आडोसा दुसरा, बर्फ. वायूत फुटलेल्या रेणूचे तुकडे दूर निघून जातात, पुन्हा भेट होणे नाही. बर्फात मात्र तुकड्याला भिंती असतात. अनेकदा तो जिथल्या तिथे पुन्हा जोडला जातो. वरचे थर खालच्या थरांना झाकतात ते वेगळेच.

आडोसा तिसरा, स्वतःचाच आकार. कड्या-कड्यांचे मोठे कार्बनी रेणू उघड्यावरही टिकतात. अतिनील किरणाचा एक कण गिळला की असा रेणू क्षणभर हजार केल्विनच्या घरात तापतो, पण ती ऊर्जा त्याच्या पन्नास-साठ बंधांत वाटली जाते, कुठल्याही एका बंधाला तोडण्याइतकी एकवटत नाही. मग सेकंदभरात तो अवरक्त प्रकाश सोडून निवतो. चार अणूंच्या रेणूला ही चैन परवडत नाही. आपल्या आणि इतर दीर्घिकांत ३.३, ६.२, ७.७, ८.६ आणि ११.३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीवर जो ठळक अवरक्त उजेड दिसतो तो याच निवण्याचा, असे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून मानले जाते. विश्वातला बराचसा कार्बन या रूपात अडकलेला असावा. अंदाज दहा ते वीस टक्क्यांचा आहे.

फुटबॉल रेणूचीही तीच कथा. ताऱ्यांच्या प्रकाशात काही अनोळखी काळे पट्टे मेरी ली हेगर यांना १९१९ च्या सुमारास दिसले होते. त्या घराण्यातल्या शेकडो पट्ट्यांपैकी दोन अवरक्त पट्टे एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या फुटबॉल रेणूचे आहेत, हे बाझेलच्या प्रयोगशाळेत २०१५ मध्ये पक्के झाले. बाकीचे पट्टे कोणाचे याचा वाद शंभर वर्षांनंतरही चालू आहे.

तारा पेटला की हा सगळा साठा जळून जात नाही का?

ताऱ्याच्या अगदी जवळचा जातो. थोडा लांबचा गरम होतो, शंभर केल्विनच्या आसपास पाण्याचा बर्फ उडून जातो आणि त्यात अडकलेले रेणू वायूत मोकळे होतात. दुर्बिणींना सर्वांत भरघोस यादी अशाच जागी मिळते. आयआरएएस १६२९३-२४२२ या कोवळ्या ताऱ्याभोवती अल्मा दुर्बिणीला २०१२ मध्ये ग्लायकोलाल्डिहाइड सापडले; ही शर्करांची सर्वांत साधी नातेवाईक.

आणखी लांबचा साठा, जिथे पुढे धूमकेतू आणि लघुग्रह होतात, तो बराचसा शाबूत राहतो. हे कशावरून? ड्यूटेरियमवरून. हायड्रोजनचा हा जड भाऊ विश्वात फार विरळ. पण अतिथंड ढगात तो रेणूंमध्ये शिरला की बाहेर पडत नाही, कारण त्या उलट्या क्रियेला जी थोडी ऊष्णता लागते तीही तिथे नसते. त्यामुळे थंडीत घडलेल्या रेणूंत ड्यूटेरियम नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त भरते. ही थंडीची मोहोर आहे, आणि ती धूमकेतूंत आणि अशनींतल्या (पृथ्वीवर पडलेल्या अंतराळातल्या दगडांतल्या) सेंद्रिय द्रव्यात आजही वाचता येते. र्युगू लघुग्रहाच्या नमुन्यातल्या पायरीनवर २०२३ मध्ये कार्बनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंवरून) असेच काम झाले आणि ते थंड ढगात घडले असावे असा निष्कर्ष निघाला.

पृथ्वीवर पडताना तरी जळत असतील?

उल्का पेटताना पाहिल्यावर तसे वाटणे साहजिक आहे. पण मध्यम आकाराच्या दगडाचा फक्त पृष्ठभाग वितळतो. वितळलेला थर वाऱ्याने उडून जातो, उष्णता आत शिरायला वेळच मिळत नाही. जमिनीवर मिळालेल्या अशनीवर मिलिमीटरभर काळी साल असते, आत अंतराळातली थंडी. अगदी बारीक धूळ तर वातावरणात उंचावरच हळूहळू मंदावते, आणि अशी धूळ दरवर्षी हजारो टन पडते. अवघड जाते ते फार मोठ्या दगडांना: ते वेग न गमावता आदळतात आणि त्या धडकेत बहुतेक सेंद्रिय द्रव्य नष्ट होते.

अशनीत सापडलेली रसायने पृथ्वीवरचीच घाण नसेल कशावरून?

शंका घ्यायलाच हवी, कारण तसे घडले आहे. फ्रान्समध्ये १८६४ साली पडलेल्या ऑर्गेय अशनीच्या एका तुकड्यात वनस्पतीचे बी आढळले. १९६० च्या दशकात कसून तपासल्यावर कळले की ते कोणीतरी डिंकाने चिकटवून आत बसवले होते. शंभर वर्षे ही थट्टा काचेच्या बरणीत बंद होती आणि ज्याने केली त्याला ती पाहायला मिळाली नाही.

आता कसोट्या कडक आहेत. २८ सप्टेंबर १९६९ रोजी ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावी अशनी पडला, शंभरेक किलो तुकडे ताजे ताजे गोळा झाले. त्यात सत्तरहून अधिक अमिनो आम्ले मिळाली. पृथ्वीवरच्या प्रथिनांना लागतात फक्त वीस. जी इथल्या सजीवांत जवळजवळ नसतातच ती इथली घाण कशी असेल? शिवाय त्यांतल्या जड समस्थानिकांचे प्रमाण पृथ्वीशी जुळत नाही.

सर्वांत स्वच्छ पुरावा म्हणजे थेट जाऊन आणलेली माती. जपानच्या हायाबुसा-२ ने डिसेंबर २०२० मध्ये र्युगूची ५.४ ग्रॅम माती आणली, तीत युरॅसिल हा आरएनएचा एक घटक निघाला. अमेरिकेच्या ओसायरिस-रेक्सने सप्टेंबर २०२३ मध्ये बेन्नू लघुग्रहाची १२१.६ ग्रॅम आणली. तीत प्रथिनांच्या वीसपैकी चौदा अमिनो आम्ले आणि डीएनए-आरएनएला लागणारे पाचही न्यूक्लिओबेस मिळाल्याचे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले.

मग ताऱ्यांमधल्या वायूतही अमिनो आम्ले सापडली असतील?

नाही. सर्वांत साधे असलेले ग्लायसिन सापडल्याचा दावा २००३ मध्ये झाला, पण रेषा नीट तपासल्यावर २००५ मध्ये तो टिकला नाही. धूमकेतूंत मात्र ग्लायसिन आहे: स्टारडस्ट यानाने वाइल्ड-२ वरून आणलेल्या धुळीत ते २००९ मध्ये पक्के झाले आणि रोझेटाने ६७पी धूमकेतूच्या वायूत २०१६ मध्ये. ढगात ते बहुधा बर्फातच अडकून राहते आणि रेडिओ दुर्बिणीला बर्फातले गरगरणे दिसत नाही.

अंतराळात दारूचे ढग आहेत हे खरे का?

खरे. लव्हजॉय धूमकेतू २०१५ च्या सुरुवातीला भरात असताना दर सेकंदाला वाइनच्या पाचशे बाटल्यांइतके इथेनॉल सोडत होता. पण त्यात विषारी मिथेनॉलही असते, तेव्हा हा प्रश्न इथेच सोडून द्यावा.

डावे-उजवे रेणू ही काय भानगड आहे?

काही रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे असतात: आरशात सारखे, पण एकमेकांवर बसत नाहीत. पृथ्वीवरची प्रथिने फक्त डावी अमिनो आम्ले वापरतात. हा कल अंतराळातूनच आला का?

मर्चिसनमध्ये आयसोव्हॅलिन या अमिनो आम्लाचे डावे रूप उजव्यापेक्षा स्पष्टपणे जास्त भरले. काही मोजण्यांत १८ टक्क्यांपर्यंत. हे आम्ल आपल्या प्रथिनांत नसते, म्हणून पृथ्वीवरच्या मिसळीचा संशय फारसा राहत नाही. मृगातल्या तेजोमेघात पिळलेला, म्हणजे वर्तुळाकार ध्रुवित, अवरक्त प्रकाश १९९८ मध्ये आढळला होता. तसाच अतिनील प्रकाश एका हाताचे रेणू जास्त फोडत असेल, अशी मांडणी झाली. चित्र जुळत आले असे वाटत होते. मग बेन्नूची माती आली, आणि तीत डावे-उजवे जवळजवळ समसमान निघाले. सध्या तरी अंतराळाने पृथ्वीला डावखुरे केले असे छातीठोकपणे कोणी म्हणू नये.

मग जीवन अंतराळातून आले असे म्हणायचे का?

विटा आल्या असतील. घर आले असे यातून निघत नाही. न्यूक्लिओबेस आणि डीएनए यांच्यात जे अंतर आहे त्याचा खुलासा कोणत्याही दगडात मिळालेला नाही. विटा इथेही बनू शकत होत्या, तेव्हा त्या फक्त वरूनच आल्या असेही ठामपणे म्हणता येत नाही.

आपल्या शरीरात ते जुने रेणू अजून आहेत का?

अणू आहेत. सेंद्रिय रेणू मात्र केव्हाच मोडून नव्याने जोडले गेले. पाण्याचे उत्तर जरा गुंतागुंतीचे आहे. समुद्राच्या पाण्यात हायड्रोजनच्या दर दहा लाख अणूंमागे सुमारे १५६ ड्यूटेरियम असतात. सूर्य ज्या वायूतून घडला त्यात हे प्रमाण वीसच्या आसपास होते. एवढी वाढ सूर्याभोवतीच्या चकतीत होणे अवघड, म्हणून २०१४ मध्ये मांडलेल्या गणितानुसार या पाण्याचा लक्षणीय हिस्सा सूर्याच्याही आधीच्या बर्फातला असावा. फक्त द्रव पाण्यातले रेणू आपापसात हायड्रोजनची अदलाबदल सेकंदाच्या अगदी लहान अंशात करत असतात. त्यामुळे तो जुना रेणू म्हणून एकही बोट दाखवून सांगता येणार नाही. त्या १५६ मधले बरेच ड्यूटेरियम अणू मात्र तिथलेच असावेत.